सरांच्या घरचं पाणी

कूलरच्या पंपाची पहिली घरघर ऐकू आली, की माझ्या घशाला कोरड पडते. नागपूरच्या उन्हाळ्यात कोणाचा घसा ओला राहतो म्हणा! पण माझी कोरड उन्हाची कमी आणि परीक्षेची जास्त असते. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या, पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला दुपट्टे गुंडाळू लागल्या, चौकाचौकांत पाण्याचे माठ मांडले गेले, की समजायचं, विद्यापीठाचे पेपर आले. ओल्या वाळ्याचा वास लोकांना काय आवडतो! त्याची अत्तरं करतात, सरबतं करतात. मला त्या वासाने मळमळतं.

मी कळमेश्वरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. दर उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासते. अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न फिरून फिरून येतोच, सामाजिक आणि राजकीय सुधारणा चळवळींचे स्वरूप स्पष्ट करा. उत्तरही फिरून फिरून तेच येतं, कारण गाइड एकच असतं. गुलामगिरीविरोधी चळवळ, दारूबंदीची चळवळ, बायकांच्या मताधिकाराची चळवळ, नागरी हक्कांची चळवळ. प्रत्येकीची ठरलेली कारणं, ठरलेले परिणाम, आणि शेवटी, खाली रेघ मारून, ‘अशा प्रकारे सर्वत्र समता प्रस्थापित झाली.’ हे लिहिणाऱ्या पोरांचा मला राग येत नाही. त्यांना पास व्हायचं असतं. पण ज्या शहाण्याने ते वाक्य पहिल्यांदा गाइडात घातलं, त्याला भर दुपारी रस्त्यावर उभं करून विचारावंसं वाटतं, की बाबा रे, कुठे प्रस्थापित झाली? पत्ता दे, मी जाऊन येते.

यंदा गठ्ठा उघडला आणि त्याच दिवशी सत्कार समितीच्या सेक्रेटरींचा फोन आला. आमच्या सरांना ऐंशी वर्षं पूर्ण होताहेत. मोठा हॉल घेतलाय. मानपत्र आहे, त्यात ‘विदर्भातील थोर सुधारक शिक्षक’ असं लिहिलंय. ‘मॅडम, तुम्ही पाच मिनिटं बोलायचं. खुद्द सरांनी तुमचं नाव सुचवलंय. सरांच्या घरी तुम्हाला कसं घरच्यासारखं वागवलं, तेवढं सांगितलं तरी सभा जिंकाल.’ घरच्यासारखं! फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन चूळ भरली. कोणीतरी माझ्या तोंडात काहीतरी शिळं कोंबल्यासारखं झालं होतं. सेक्रेटरींना बिचाऱ्यांना काय ठाऊक! सरांना ठाऊक होतं की नाही, हा प्रश्न मात्र मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षापासून वागवत आले आहे.

तेव्हा सर धरमपेठेत राहायचे, अजूनही तिथेच राहतात. कॉलेजच्या परीक्षा जवळ आल्या, की पोरांना घरी बोलवून फुकट शिकवायचे, हे खरं. चांगलं शिकवायचे, हेही खरं. माझ्या वर्गातली आम्ही पाच-सहा जणं दुपारी त्यांच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसायचो. व्हरांड्याच्या एका टोकाला कूलर, दुसऱ्या टोकाला तिवईवर माठ. माठावर झाकण, झाकणावर ओगराळं, आणि बाजूला ताटात स्टीलचे पेले रांगेने पालथे घातलेले. कूलरखाली एक लोखंडी घडवंची होती. तिच्यावर एक पिवळा मेलामाइनचा कप पालथा असायचा, त्याच्यावर ताट्यांमधून गळणारं पाणी टिपटिप पडत राहायचं.

सर अमेरिकेवर बोलू लागले, की उन्हाळा विसरायला व्हायचा. काळ्यांसाठी वेगळे नळ, गोऱ्यांसाठी वेगळे नळ, आणि दोन्ही नळ एकाच पाइपाला जोडलेले, हे सांगताना सरांचा आवाज घोगरा होई. मग त्या विद्यार्थ्यांची गोष्ट. मोठमोठी दुकानं होती, तिथे काळ्या माणसाने कंगवे घ्यावेत, वह्या घ्याव्यात, कोणी अडवत नसे. पण त्याच दुकानातल्या कॉफीच्या काउंटरवर त्याने बसायचं नाही. तर ही कॉलेजची पोरं गेली आणि बसली. कॉफी मागितली. मिळाली नाही. ओरडली नाहीत, उठलीही नाहीत. दुकान बंद होईपर्यंत बसली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. लोकांनी त्यांच्या डोक्यावर साखर ओतली, सॉस ओतला, अंगावर सिगारेटी विझवल्या. पोरं पुस्तकं उघडून अभ्यास करत बसली होती. त्यांच्याही परीक्षा आल्या असतील, असं मला तेव्हा वाटलं होतं.

‘आणि दुकानदार काय म्हणायचे, ठाऊक आहे?’ सर विचारायचे आणि इतवारी बाजारातल्या शेठचा आवाज काढून स्वतःच उत्तर द्यायचे, ‘आमचं स्वतःचं काही नाही हो, गिऱ्हाइकांना चालत नाही!’ आम्ही हसायचो. सर हसायचे नाहीत. ‘लिहून घ्या,’ म्हणायचे. ‘दुष्ट माणसं थोडी असतात. जगातला बहुतेक अन्याय या एका वाक्यावर उभा असतो.’ मी लिहून घेतलं, आणि घरी जाऊन पाठ केलं.

सरांनी तास संपवत आणला, की आतून काकू यायच्या, सरांच्या पत्नी. गोऱ्या, ठेंगण्या, हातात बांगड्या भरपूर. माठातलं पाणी त्या स्वतः सगळ्यांना द्यायच्या. बाकीच्यांना स्टीलच्या पेल्यात, मला पिवळ्या कपात. सुरुवातीला माझ्या डोक्यात काही आलं नाही. पेले कमी पडत असतील, असं वाटलं. कोणाच्या घरी गेलं की हातात येईल त्यातून पाणी प्यायचं, एवढंच मला कळत होतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली इथेच, याच शहरात, दीक्षा घेतली होती. आमच्या वस्तीत हा शिवाशिवीचा विषय सभेत निघायचा, पाण्याच्या पेल्यापाशी निघत नव्हता.

मग एके दिवशी तो कप सापडेना. मांजराने पाडला असेल किंवा मोलकरणीने आत नेला असेल. काकूंनी सगळ्यांना पाणी दिलं आणि माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, ‘थांब हं, तुला देते.’ त्यांनी घडवंचीखाली पाहिलं, कूलरच्या मागे पाहिलं, पदर सावरत बागेत जाऊन पाहिलं. ताटात स्टीलचे पेले रांगेने पालथे पडले होते. चांगले लखलखत होते. काकू त्यांच्यावरून हात पुढे नेऊन तिवईच्या मागे कप शोधत होत्या. मी तो हात पाहत होते. शेवटी कप तुळशीच्या कुंडीमागे सापडला. काकूंना काय आनंद झाला! ‘सापडला बाई एकदाचा,’ म्हणाल्या, आणि पाणी भरून माझ्यापुढे धरला. मी ‘नको’ म्हटलं.

त्या क्षणी मला आलेली शिसारी अजून जशीच्या तशी आहे. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रडू येऊन जातं. ही गेली नाही. आणि गंमत अशी, की काकूंवरचा माझा राग नंतर उतरला. शिसारी बसली ती सरांच्या घोगऱ्या आवाजावर. काकू कप शोधत फिरत होत्या, तेव्हा सर त्याच व्हरांड्यात, आरामखुर्चीत, वेगळ्या नळांबद्दलचं पान उघडून बसले होते.

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं. बाबा इतवारीत भांड्यांच्या दुकानात नावं कोरायचे. लोक भेट द्यायला भांडी घेत आणि बाबा मशीनने त्यांवर नाव, निमित्त आणि ‘सप्रेम भेट’ कोरून देत. नाव संपलं की शेवटी एक बारीकसं पाच पाकळ्यांचं फूल काढायची त्यांना सवय होती. ते काही कोणी सांगितलेलं नसायचं, आपली हौस. बाबा चपला काढत होते.

‘तं मंग तू पेली काय पाणी?’

‘नाही.’

‘बेस केलं.’ मग दुसरी चप्पल काढत म्हणाले, ‘पण शिकवणी नको सोडू वं माय. त्यायच्यासारखं शिकवणारा दुसरा नाही ना कोणी. पेपर तुह्या आहे, त्यायचा नाही.’

अडचण तीच होती. या पेपरात चांगले मार्क पडले नाहीत, तर एम.ए.ला प्रवेश नव्हता, आणि एम.ए. नाही तर कॉलेजात शिकवायचं स्वप्न तिथेच संपत होतं. आमच्या घराण्यात कॉलेजच्या फाटकातून आत गेलेली मीच पहिली. ग्रंथालयातली या विषयाची पुस्तकं इंग्रजीत आणि तीही प्राध्यापकांच्या घरी. सर सोडून मला कोणीच नव्हतं. सरांना बोलावं तर शिकवणी जाणार, गप्प बसून तो कप तोंडाला लावावा तर मीच जाणार. रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी मला एकदम सरांचाच धडा आठवला. ओरडायचं नाही. उठायचंही नाही. बसायचं, मागायचं, आणि मिळेपर्यंत वेगळं काही घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू कप घेऊन आल्या, तेव्हा मी म्हटलं, ‘काकू, मला पेल्यातून द्या ना.’ काकू हसल्या. ‘अगं, एकच आहे पाणी,’ म्हणाल्या आणि कप सतरंजीवर ठेवून गेल्या. मी तो तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं. नंतर नंतर मागायचीही गरज राहिली नाही. कप यायचा, माझ्यापुढे बसायचा, त्यात कूलरच्या हवेने लाटा उठायच्या, आणि मी वहीत मान घालून लिहीत राहायचे. बाहेर डांबर वितळत असायचं. जीभ टाळूला चिकटायची. प्रशांत नावाचा आमचा वर्गमित्र होता, मौद्याहून एस.टी.ने यायचा. त्याने एकदा आपला अर्धा प्यायलेला पेला माझ्याकडे सरकवला.

‘घे न वं. माह्या पेल्यातलं पे. काहून जीव जाळून राहिली?’

‘तुह्याकडून नाही पाहिजे मले,’ मी म्हटलं. ‘ज्यायचं घर आहे, त्यायनं द्यावं.’

त्याला समजलं. त्याने पेला उचलून उरलेलं पाणी पिऊन टाकलं, आणि पेला उलटा झाला तेव्हा माझं लक्ष गेलं. ‘वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट’ आणि शेवटी पाच पाकळ्यांचं बारीक फूल. मी ताटातले बाकीचे पेले निरखून पाहिले. सगळ्यांवर फूल होतं. त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते आधी हसत सुटले, इतके की ठसका लागला. ‘म्हणजे एकेक पेला ह्या मांडीत धरून मीनं नाव टाकलं, तवा नाही बाटले काय ते?’ मग हसणं थांबलं. बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत होते. त्यांचं ते पाहणं मला आजही सहन होत नाही.

आणि सर? सरांनी माझ्या बसण्याला नाव दिलं. एका दुपारी कोणीतरी विचारलं, ही पाणी का घेत नाही? सर पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, ‘वैशालीचा उपवास असेल. तिला आग्रह करू नका.’ झालं! त्या दिवसापासून माझा उपवास जाहीर झाला. काकू येता-जाता कौतुकाने पाहू लागल्या. ‘परीक्षेसाठी धरलाय का गं? निर्जळी? फार कडक हो!’ आमच्या घरात छप्पन सालापासून कोणी साधी चतुर्थीसुद्धा धरलेली नाही. जो आजा देव सोडून मोकळा झाला, त्याच्या नातीला यांनी पाण्यावाचून पुण्य मिळवायला बसवलं. एकदा तर काकू मला साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या होत्या, ते परवा आठवलं आणि एकटीच हसले. खिचडी पिवळ्या कपातच होती.

पुढे मी स्वतः शिकवायला लागले, पुस्तकं हाताशी आली, तेव्हा कळलं की सरांचं घर काही जगावेगळं नव्हतं. गुलामगिरी हे पाप आहे असं चर्चमध्ये गर्जून सांगणारे होते, आणि त्याच चर्चमध्ये काळ्या माणसासाठी मागचा वेगळा बाक होता. मताचा हक्क मागत बायकांनी मोर्चा काढला, तेव्हा काळ्या बायकांना सांगितलं गेलं, की तुम्ही जरा मागे चाला, पुढे दिसलात तर दक्षिणेकडच्या बाया रागावतील. हे मी वर्गात सांगते, तेव्हा पोरं विचारतात, ‘मॅडम, हे इम्पॉर्टंट आहे काय? येऊन राहिलं काय पेपरात?’ मी म्हणते, पेपरात नाही, घरात येईल. ते वहीत लिहीत नाहीत.

पेपरच्या सकाळी सरांनी आम्हाला घरी बोलावलं होतं. काकू दही-साखर घेऊन उभ्या होत्या. एकेकाच्या तळहातावर चमचा टेकवून दही ठेवत होत्या, ‘यशस्वी हो’ म्हणत होत्या. माझी पाळी आली. काकूंनी चमचा वर उचलला, चांगला वीतभर, आणि वरून दही सोडलं. ते तळहातावर आदळलं आणि त्याचे शिंतोडे माझ्या हॉल तिकिटावर उडाले. काकूंनी मनापासून आशीर्वाद दिला, हे सर्वांत किळसवाणं. त्यांना खरंच वाटत होतं की मी पास व्हावं. मी बागेतल्या नळावर जाऊन हात धुतला आणि सेंटरवर निघाले. वाटेत चौकातल्या माठापाशी थांबून ओंजळभर पाणी प्यायले. तिथे रिक्षावाले, हमाल, कोण कोण पीत होते. कोणाला काही शोधावं लागत नव्हतं.

प्रश्न तोच आला. मी काउंटरवर बसलेल्या पोरांवर लिहिलं, दुकानदाराचं वाक्य लिहिलं, आणि त्या पेपरात विद्यापीठात पहिली आले. सर पेढे घेऊन आमच्या वस्तीत आले होते. बाबांनी त्यांना पाणी दिलं. सर म्हणाले, ‘नको, आत्ताच चहा झालाय.’

म्हणून परवा मी धरमपेठेत गेले. ‘सत्काराला येत नाही’ हे सांगायला फोन पुरला असता, पण एवढ्या वर्षांचं नाही म्हणणं फोनवर उरकायचं नव्हतं. व्हरांडा आता काचांनी बंद केलाय, आत एसी आहे. माठ गेला. तिथे पाण्याचा मोठा जार उलटा लावलाय आणि शेजारी कागदी पेल्यांची उंच चळत. काकूंचा फोटो भिंतीवर आहे, त्याला चंदनाचा हार. मांडववाला माणूस बसला होता, त्याला सरांच्या सुनेने कागदी पेल्यात पाणी दिलं. त्याने ते पिऊन पेला चुरगळून टोपलीत टाकला. मलाही तसाच पेला आला. मी त्या चळतीकडे पाहत राहिले. म्हणजे या घरात सुधारणा झाली होती तर! आता कोणासाठी वेगळा कप शोधावा लागत नव्हता. बाहेरच्या सगळ्यांना सारखंच, वापरून फेकायचं. कोणाचं मन बदलावं लागलं नाही, कोणाला काही सोडावं लागलं नाही, बाजारातून एक पाकीट आणलं की समता. गाइडवाल्याकडे मी मागत होते तो पत्ता हाच असेल.

सर खुर्चीत होते. फार खंगलेत. त्यांच्या पुढ्यात मात्र स्टीलचा पेला होता. अक्षरं झिजली होती, फूल शाबूत होतं.

‘सर, मी काय बोलू पाच मिनिटांत?’ मांडववाला गेल्यावर मी विचारलं.

‘आहे तेच बोल. या घरात कधी भेदभाव झाला नाही, एवढं तू म्हटलंस तरी पुरे. तू म्हटलंस तर लोक मानतील.’

‘माझा उपवास नव्हता, सर.’

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

‘मला ठाऊक होतं,’ ते म्हणाले. ‘पहिल्या दिवसापासून. म्हणून तर तसं म्हटलं. घरात वाद नको होता.’ आणि मग, अगदी हळू, समजावल्यासारखे म्हणाले, ‘माझं स्वतःचं काही नव्हतं गं. घरातल्यांना चालत नव्हतं.’

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं त्यांना ऐकू आलं का, हे मी पाहत होते. हेच वाक्य त्यांनी शेठचा आवाज काढून आम्हाला दिलं होतं, लिहून घ्या म्हटलं होतं. मी ते लिहून पहिली आले होते. आज त्यांनी ते स्वतःच्या आवाजात म्हटलं आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. वाक्य संपवून ते पाणी प्यायले, पेला जागेवर ठेवला आणि माझा कागदी पेला बोटाने माझ्याकडे सरकवला.

‘घे. उन्हातून आलीस.’

मी निघायच्या तयारीने खुर्चीच्या कडेला बसले होते. तेवढ्यात सून आतून आली. तिशीची मुलगी, हसऱ्या चेहऱ्याची, तिला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. तिने माझा भरलेला पेला पाहिला.

‘हे काय मॅडम, पाणी तसंच? उपवास आहे का आज?’

सरांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्यांच्याच ओठांवर आलं होतं, मला दिसत होतं.

‘नाही,’ मी मागे सरकून खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, ‘तहान लागली आहे.’